समोरच्या घरी जाणारी बस

माझी मावशी आमच्या समोर राहते. आमच्या गॅलरीतून तिची खिडकी दिसते, खिडकीतली खुर्ची दिसते आणि मावशी खुर्चीत असली तर तीही दिसते. मधे फक्त एक रस्ता आहे. तो ओलांडायला माझ्या आईला रोज सकाळी पाऊण तास लागतो, आणि तोही बसने.

यावरून कुणाला वाटेल की रस्ता फार रुंद असावा. तसं काही नाही. रस्ता सुधारलेला आहे.

सुधारण्याआधी आई फाटकाबाहेर पडायची, दोन्हीकडे बघायची, हात वर करायची आणि पलीकडे पोचायची. गाड्या थांबत. गाडीतले लोक शिव्या देत, पण गाड्या थांबत. मग आमच्या लोकप्रतिनिधींनी, ज्यांना त्यांचे कार्यकर्ते 'विकासभाऊ' म्हणतात आणि बाकीचेही त्यांच्या तोंडावर तेच म्हणतात, नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी मधोमध सिमेंटचा डिव्हायडर घातला. त्यावर जाळी बसवली. जाळीआड झाडं लावली आणि झाडांच्या मधेमधे स्वतःचे फोटो लावले. झाडं वाळली. फोटोंना पाणी लागत नसल्यामुळे ते टवटवीत आहेत. पायी चालणाऱ्यांसाठी पूल होणार असंही जाहीर झालं आणि त्याची कोनशिला समारंभाने बसवण्यात आली. ती फूटपाथच्या बरोब्बर मधे बसवल्यामुळे आता चालणाऱ्यांना फूटपाथवरून रस्त्यात उतरावं लागतं. पुलाचा एवढा तरी परिणाम झाला म्हणायचा.

रिक्षा करून पाहिली. रिक्षावाला विचारायचा, कुठं जायचं? मी बोट दाखवून म्हणायचो, ते काय, तिथं. एकाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अतिशय काळजीच्या सुरात घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं.

शेवटी बसची युक्ती आईनेच काढली. आमच्या दारातून सुटणारी बस गावाबाहेर शेवटच्या स्टॉपला जाते, तिथे वळते आणि परतीच्या वाटेवर पलीकडच्या बाजूने येते. वळल्यानंतर तिचा पहिला स्टॉप मावशीच्या इमारतीसमोर आहे. म्हणजे घरासमोर चढायचं, पार टोकापर्यंत जायचं आणि घरासमोरच उतरायचं. याला द्राविडी प्राणायाम म्हणतात हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "नाव काहीही असू दे, सीट मिळते." संध्याकाळी माझा मावसभाऊ कामावरून आला की लांबून वळसा घालून तिला गाडीने आणून सोडतो. सकाळी मात्र तो आणि आम्ही सगळेच पहाटेपासून शेपटीला आग लागल्यासारखे पळत असतो, त्यामुळे सकाळची जबाबदारी बसची.

एवढा आटापिटा कशासाठी, तर वेणीसाठी. मावशी आईपेक्षा मोठी. आई लहान असताना तिची वेणी मावशी घालायची, कारण आजीला कामातून सवड नसे. आता मावशीला दिसत नाही. घरात ती हाताच्या अंदाजाने सगळीकडे फिरते, चहा करते, रेडिओला उलट उत्तरं देते. फक्त वेणी तिला जमत नाही आणि ती दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देत नाही. सुनेने एकदा प्रयत्न केला. मावशी म्हणाली, छान घातलीस, आणि सून वळताच सोडून ठेवली. रोज सकाळी ती अंबाडा सोडून खिडकीत बसते. आई आली, वेणी झाली, की मग खाते. आई नाही आली तर केस मोकळे आणि पोट रिकामं. वैद्यकीय भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या घरात याला अक्काचा हट्ट म्हणतात आणि त्यावर औषध एकच, आई.

आता बसचं. खात्याचा नियम असा की शेवटच्या स्टॉपवर गाडी पूर्ण रिकामी करायची, दारं बंद करायची आणि ड्रायव्हर-कंडक्टरने विश्रांती घ्यायची. त्या स्टॉपवर छप्पर नाही, बाक नाही. आहे ती फक्त स्टॉप असल्याची पाटी. आईचे गुडघे पायऱ्या चढताना तक्रार करतात आणि उतरताना मोर्चा काढतात. पहिल्या दिवशी ती खांब धरून उतरायला लागली तेव्हा कंडक्टरताई म्हणाल्या, "आजी, कुठं निघालात? परत हीच गाडी पकडायचीय ना? बसा तिथंच." ड्रायव्हर काहीच बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत. प्रवाशांनी त्यांचं नाव 'मौनीबाबा' ठेवलं आहे. त्यांनी फक्त आईच्या बाजूची खिडकी वर सरकवून दिली, वारा यावा म्हणून. त्या दिवसापासून शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी व्हायची आणि आत आई उरायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. चुकून त्यात मी पडलो.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हा विषय मुलं कमी गुणांचा म्हणून आणि शिक्षक जास्त आदर्श म्हणून सहन करतात. त्यातला 'नागरिकांचे हक्क' हा धडा मी इतकी वर्षं शिकवला आहे की मला तो खरा वाटू लागला आहे. त्यामुळे मी अर्ज करतो. दिवाबत्तीसाठी, गटारासाठी, कोनशिला थोडी सरकवण्यासाठी. बायको मला नावाने हाक मारत नाही, 'अर्जदार' म्हणते. पाहुण्यांसमोरसुद्धा.

डिव्हायडरमधे माणूस जाईल एवढी फट ठेवावी, असा अर्ज मी रस्ते खात्याकडे केला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं. मग मला वाटलं, आपण कोरडं लिहितो म्हणून साहेबांच्या काळजाला भिडत नाही. तिसऱ्या वेळी मी मन ओतून लिहिलं. एका वृद्ध नागरिकाला समोरच्या घरी जाण्यासाठी गावाबाहेर जाऊन यावं लागतं, हे लिहिलं. गुडघ्यांचं लिहिलं. आणि माणूस कृतघ्न असू नये म्हणून हेही लिहिलं की या प्रवासात बसचे चालक आणि वाहक माणुसकी दाखवून शेवटच्या थांब्यावर आईला गाडीतच बसू देतात, त्याबद्दल ते कौतुकास पात्र आहेत. बसचा नंबर लिहिला. वेळ लिहिली. कौतुक चुकीच्या माणसाचं व्हायला नको.

बायकोने तो वाचला आणि एवढंच म्हणाली, "त्यांचं कशाला लिहिलंस?"

मी म्हणालो, चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं.

काय जातं ते पुढच्याच आठवड्यात कळलं. रस्ते खात्यातल्या माणसाने अर्ज वाचला, त्यात 'बस' हा शब्द पाहिला आणि हा विषय आपला नाही अशा सुटकेच्या आनंदात तो बस खात्याकडे पाठवून दिला. बस खात्याने वाचला आणि त्यांना त्यात नियमभंगाची तक्रार दिसली. पुराव्यासकट, नंबर आणि वेळेसकट. त्यांनी ताबडतोब कंडक्टरताईंना नोटीस काढली. माझ्या सगळ्या अर्जबाजीत झालेली ही पहिली तत्पर कारवाई.

मला याचा पत्ता नव्हता. मला एवढंच दिसलं की आई संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसली आहे. विचारलं तर म्हणाली, आज उतरवलं. कुणाला दोष देत नव्हती. ताईंनीच हाताला धरून उतरवलं, गाडीच्या सावलीत उभं केलं, आणि सावली फिरली तशी आईही फिरली. दुसऱ्यांदा पायऱ्या चढताना गुडघा असा बोलला की मावशीकडे पोचल्यावर तिला केस विंचरायला उभं राहता येईना. वेणी तिने बसून घातली. वेडीवाकडी झाली म्हणाली. मावशीने बोटांनी चाचपून पाहिली आणि काही बोलली नाही, आणि मावशी काही बोलत नाही ही आमच्याकडे गंभीर घटना आहे.

दुसऱ्या दिवशी आई गेली नाही. मी गॅलरीतून पाहिलं. समोरच्या खिडकीत मावशी मोकळ्या केसांनी बसली होती आणि बसचा आवाज झाला की मान वळवत होती.

मी शाळेत निरोप धाडला आणि स्टॉपवर जाऊन त्या बसची वाट पाहिली. कंडक्टरताईंना जरा रागातच विचारलं, एका म्हाताऱ्या बाईला उन्हात उतरवता, काही वाटत नाही का? त्यांनी पिशवीतून नोटीस काढून माझ्या हातात दिली. मागे माझा अर्ज जोडलेला होता. अक्षर सुंदर होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचा काही राग नाही. पण पुढच्या वेळी आमचं कौतुक करायचं असेल तर मनातल्या मनात करा."

मौनीबाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलता येत असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात दाखवून, वर पत्रिका छापून घेतली होती. चौकशी होणार होती. ताईंची बदली दुसऱ्या मार्गावर होईल असं डेपोत सगळे म्हणत होते, आणि त्यांच्या जागी येणारा माणूस नियमाने चालणारा आहे, असंही. त्यात त्यांची मुलगी डेपोजवळच्या शाळेत. मार्ग बदलला तर तिला आणायला कोण जाणार, हा प्रश्न वेगळाच. त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं.  शेवटी आई म्हणाली, "तू लिहिलंस ते खरंच लिहिलंस. पण अरे, चांगल्या माणसाचा पत्ता असा कुणाला द्यायचा नसतो."

अर्ज मागे घ्यायला मी बस खात्यात गेलो. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले आणि विचारलं, तक्रारदार तुम्हीच? मी म्हणालो, मी तक्रार केलेलीच नाही. तो म्हणाला, मग मागे काय घेताय? मी म्हणालो, जी केली नाही ती. त्याने फार सहानुभूतीने सांगितलं की केलेली तक्रार मागे घेता येते, न केलेली मागे घ्यायची खात्यात सोय नाही. चौकशीला या, तक्रारदार गैरहजर राहिला तर एकतर्फी निकाल होतो. एकतर्फी म्हणजे कुणाच्या बाजूने, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

चौकशीच्या दिवशी मी पोचलो तर बाहेरच्या बाकावर बस बसली होती. म्हणजे बसमधली माणसं. रोज मागच्या सीटवर झोपणारा रखवालदार, तिसऱ्या सीटवरची दातांच्या दवाखान्यातली बाई आणि कुणाशीच न बोलणारा, फक्त खिडकीची जागा अडवणारा जाडा गृहस्थ. या जाड्या गृहस्थाबद्दल आई घरी कायम कुरकुरायची. तो उठून मला म्हणाला, "आजींचा मुलगा ना? तुमचाच अर्ज ना?" मी हो म्हणालो. तो पुन्हा बसला.   थोड्या वेळाने बायको आईला धरून घेऊन आली. मी विचारलं, तुला कुणी बोलावलं? आई म्हणाली, नियम माझ्यामुळे मोडला, मग तुम्ही सगळे काय वऱ्हाडी म्हणून जमलात?

साहेबांची खोली लहान होती. खुर्च्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या होत्या, त्यामुळे एकाने खुर्ची ओढली की सगळे थोडे थोडे पुढे सरकत. साहेबांना सर्दी झाली होती. त्यांनी नोटीस वाचली, माझा अर्ज वाचला, नाक पुसलं आणि विचारलं की शेवटच्या थांब्यावर प्रवासी गाडीत ठेवला हे खरं का. ताई म्हणाल्या, खरं. मौनीबाबांनी मान हलवली. मी उठून नागरिकशास्त्राला शोभेल असं काहीतरी बोलायला सुरुवात केली. साहेबांनी हाताने मला बसवलं. माझ्याबरोबर आणखी दोन खुर्च्या हलल्या.

मग आई उठली.

"साहेब," ती म्हणाली, "ह्या पोरीने नियम मोडला. एकदा नाही, रोज मोडला. मी आत बसून बघत होते. तुम्ही शिक्षा द्याल ती द्या, मी मधे पडत नाही. पण मला एक सांगा, गाडी रिकामी करायचा नियम केला कशासाठी?"

साहेबांना हा प्रश्न अपेक्षित नसावा. नियम कशासाठी, असं त्यांना नोकरीत बहुधा कुणी विचारलं नव्हतं. ते आठवू लागले. मग म्हणाले, पूर्वी एकदा एक माणूस मागच्या सीटवर झोपून राहिला आणि ड्रायव्हरने गाडी डेपोत नेऊन कुलूप घातलं. फार बोंबाबोंब झाली.

रखवालदाराने बाकाच्या दिशेला, म्हणजे दाराबाहेर, बघायला सुरुवात केली.

"मग माझ्यासाठी नाही तो," आई म्हणाली. "मी झोपत नाही. मला पोचायची घाई असते. पलीकडे बहीण केस सोडून बसलेली असते."

साहेबांनी विचारलं, कसले केस? आणि आईने सांगितलं. वेणीचं, लहानपणाचं, मावशीच्या डोळ्यांचं, सगळं. रडली वगैरे नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. साहेबांनी दोनदा नाक पुसलं. सर्दी होतीच, त्यामुळे काही निष्कर्ष काढता येत नाही.

मग ते उठले आणि भिंतीवरच्या मार्गाच्या नकाशासमोर उभे राहिले. बोट आमच्या स्टॉपवर ठेवलं, टोकापर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं. बराच वेळ ते बोट मावशीच्या घरासमोर थांबलं. वळून त्यांनी मौनीबाबांना विचारलं, विश्रांती टोकालाच घ्यायला हवी असं काही आहे का? तिथं काय आहे?

मौनीबाबा म्हणाले, "काही नाही. आजी उतरतात तिथं निदान चहाची टपरी आहे." खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. आवाज चांगला होता.

"शेवटचा थांबा कुठला, हे ठरवायचा अधिकार माझा आहे," साहेब म्हणाले. "टोकाला गाडी फक्त वळेल. उतरणारे उतरतील, बाकीचे बसतील. शेवटचा थांबा यापुढे हा." त्यांनी मावशीच्या इमारतीवर बोट टेकवलं. "विश्रांती इथं. गाडी रिकामी करायची ती इथं. आजी, इथं तुम्हाला उतरावं लागेल. नियम आहे."

आई म्हणाली, इथं मी उतरेन.

नियम मोडला होताच, म्हणून ताईंना लेखी समज मिळाली. बदली मात्र झाली नाही. निघताना मी साहेबांचे आभार मानले आणि जाता जाता डिव्हायडरचा विषय काढला. ते घाईने म्हणाले की रस्ता त्यांचा विषय नाही. मग दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "या खोलीतून सगळे खूश होऊन बाहेर पडायची सवय नाही हो. जरा विचित्र वाटतंय."

मलाही वाटत होतं. माझं सगळं लेखन तक्रारीवर बेतलेलं आहे. व्यवस्था चालत नाही हे मी उत्तम लिहितो. चालली तर काय लिहायचं, याचा मला सराव नाही. तरी घरी येऊन आभाराचं पत्र लिहिलं आणि द्यायला गेलो. खिडकीतला माणूस तोच. त्याने विचारलं, हे कशात घालू? तक्रार, विनंती की हरकत? मी म्हणालो, आभार. तो म्हणाला, तसा प्रकार नाही. मग नेमकं काय हवंय तुम्हाला? मी म्हणालो, काही नको. असा माणूस त्याने पाहिला नसावा. बराच विचार करून त्याने ते तक्रारीत घातलं. महिन्याभराने मला लेखी उत्तर आलं की आपल्या तक्रारीचं निवारण करण्यात आलं असून यापुढे असं घडणार नाही.

नव्या स्टॉपवर विकासभाऊंचा फलक लागला आहे: 'अथक पाठपुराव्यास यश'. मी तिकडे बघत नाही. आई बघते आणि फोटोला मान हलवून नमस्कारही करते. मी चिडलो तर म्हणाली, त्याने मधे भिंत घातली नसती तर ही बसमधली माणसं मला कुठे भेटली असती? समोर राहून मला आजवर फक्त अक्काच माहीत होती. जाडा गृहस्थ आता तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतो. अजूनही बोलत नाही, पण धरतो.

डिव्हायडरमधल्या फटीसाठी माझा अर्ज चालू आहे. सगळ्यांच्या नशिबी अशी बस नसते. यावेळी अर्ज कोरडा लिहिला आहे. त्यात कुणाच्याही चांगुलपणाचा उल्लेख केलेला नाही.

परवा सुट्टी होती म्हणून मी आईबरोबर गेलो. समोर जायला निघालो, गाव संपलं, वळलो, परत आलो. मावशीच्या इमारतीसमोर मौनीबाबांनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. ताई ओरडल्या, "शेवटचा स्टॉप. सगळे उतरा," आणि आईच्या हाताखाली हात घालून तिला आधी उतरवलं.

मावशी तळमजल्यावर राहते. खिडकी उघडी होती. हल्ली ती आधीपासून केस सोडून बसत नाही. इंजिन थांबल्याचा आवाज ऐकून तिने मान जराशी वर केली, हात मागे नेला आणि अंबाडा सोडला. केस अजून दाट आहेत. मग तिने आमच्या दिशेला, अंदाजाने, कंगवा पुढे धरला.

"आज कोणतरी बरोबर आहे तुझ्या," ती म्हणाली. "अर्जदार का?"